आम्ही आणि आपण

"मॅडम, मम्मीने गलत मराठी बोली," ईश्वरी उभी राहून म्हणाली.

तिसरीचा वर्ग. रायपूरची आमची शाळा हिंदी माध्यमाची, पण संस्था मराठी, म्हणून आठवड्यातून काही तास मराठी. ते मी घेते. पोरं विदर्भातून इकडे आलेल्या घरांतली. आईबाप मराठीत बोलतात, पोरं हिंदीत उत्तर देतात.

आदल्या दिवशी सर्वनाम शिकवलं होतं. सर्वनाम म्हणजे नावाच्या जागी येणारा शब्द. मी, तू, ती पोरांना लगेच जमतं. अडतं ते 'आम्ही' आणि 'आपण'वर. हिंदीत दोन्हीला एकच शब्द, हम. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', त्याला सोडून बोलायचं तर 'आम्ही'. मी अर्धी पोरं खिडकीपाशी उभी केली, अर्धी दाराशी. खिडकीवाल्यांनी दारवाल्यांना सांगायचं, 'आम्ही डबा खातो.' मग त्यांना बोलवायचं, 'चला, आपण डबा खाऊ.' पोरं खूप हसली. होमवर्क दिला: घरी कोण काय बोलतं ते ऐका आणि एक वाक्य आणा.

ईश्वरीनं वाक्य आणलं होतं.

"क्या बोली मम्मी?"

"पापा को बोली, परीक्षा झाली की आम्ही अकोल्याला चाललो. मैंने बोला, मम्मी, आपण बोलते हैं. आम्ही बोले तो पापा नहीं आएंगे."

बाकी पोरांच्या दृष्टीनं हा साधा व्याकरणाचा प्रश्न होता.

"मग मम्मी काय म्हणाली?"

"कुछ नहीं. रोटी जल गई. पापा ने टीवी बंद कर दिया." मग तिनं विचारलं, "गलत था ना, मॅडम?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत चूक-बरोबर सांगायला मला कधी वेळ लागला नव्हता. त्या दिवशी लागला. मी म्हटलं, "मी मम्मीशी बोलते. बस तू."

बोलायची वेळ आलीच. दुसऱ्या दिवशी तिची आई प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये बसलेली होती. तिशीची असेल. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मॅडम, तिले सांगून द्या ना, दोन्ही शब्द सारखेच असते म्हणून."

"तसं नाही सांगता येणार."

"काहून? एका शब्दानं काय होते?"

"ती तुम्हाला चूक समजून राहिली. तुम्ही बरोबर बोलल्या होत्या ना?"

तिनं बोटाची ओढणी सोडली. मग हळू म्हणाली, "हव. पोरीले घेऊन माहेरी राहाले चालली, हे परीक्षेनंतर सांगणार होती मी. दोघांलेही. तवा तोंडातून तसंच निघून गेलं. पोट्टीनं नसतं पकडलं तर तिच्या पापाच्या ध्यानातच आलं नसतं."

प्रिन्सिपल मॅडम मला म्हणाल्या, "आप ये टॉपिक छोड़ दीजिए. रिवीजन मत कराइए."

"टॉपिक सोडून काय होणार, मॅडम? तिला ते येतं."

मी आईला एवढंच सांगितलं की पोरीला तुम्ही सांगा, लवकर सांगा, दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका. तिनं मान हलवली. बाहेर पडताना चप्पल घालायला तिला वेळ लागला.

तिनं घरी सांगितलं असावं, कारण ईश्वरी पुढच्या आठवड्यात वर्गात बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची. युनिट टेस्टमध्ये बाकी पेपर तिनं नीट सोडवला. सर्वनामाच्या रिकाम्या जागा तशाच ठेवल्या.

"काहून नाही लिहिलं?"

"मालूम है, मॅडम. लिखना नहीं था."

मी तिचे मार्क कापले. दुसरं काही करता येत नव्हतं.

परीक्षा संपल्यावर टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, न्यायला तिचे वडील आले. शहराबाहेर सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये कामाला होते, ड्यूटीवरून थेट आलेले. कपड्यांवर काळी भुकटी होती, म्हणून खुर्चीवर बसायला तयार नव्हते. जन्म रायपूरचा. मराठी समजायची, बोलताना हिंदीवर यायचे.

"वो आम्ही बोली तो मैं हम ही समझा," ते म्हणाले. "सोच रहा था, प्लांट में छुट्टी किससे माँगूँ. फिर बेटी ने टोका. मैं इसकी मम्मी को देखता रहा, कि अब बोलेगी, हाँ, गलती हो गई. नहीं बोली."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो उचलला नाही.

"क्लास में अच्छी थी?"

"वर्गात सगळ्यात आधी तिलाच समजलं होतं."

"हव." त्यांनी टीसीची घडी करून खिशात ठेवली. "ये दो अलग शब्द, हिंदी में नहीं हैं ना?"

"नाही."

"अच्छा है," म्हणाले आणि गेले.

अकोल्याच्या शाळेत ईश्वरीचं कसं चाललंय, मला माहीत नाही. नव्या सत्रात तिसरीला पुन्हा सर्वनाम आलं. आता वाक्यं मीच देते: खो-खोची टीम, तेलीबांध्याच्या तलावावरची सहल, वर्गाची सफाई. पोरं ती उतरवून घेतात. मग कोणीतरी हात वर करतं आणि घरचं वाक्य सांगतं. ते आधी शेवटपर्यंत ऐकायचं, चूक की बरोबर ते नंतर, एवढं मी शिकले.