गेरूचा हात

सावळ्या माणसाचा चेहरा रंगमंचावर त्याचाच दिसावा, यासाठी कोणता रंग लागतो? रंगभूषेच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, आणि प्रस्तुत लेखालाही ते देता येणार नाही. नंदुरबारचे रंगभूषाकार इद्रिस यांच्यापुढे हा प्रश्न जानेवारी १९६२ मधल्या एका दुपारी उभा राहिला. तो सोडवायला त्यांच्या हाती पाऊण तास होता.

इद्रिस यांचे वडील शौकत फिरत्या फडांतली तोंडे रंगवत. पेटी आणि हात दोन्ही मुलाकडे आले. पेटीत सफेदा, पिवडी, गुलाबी, लाली, काजळ असे डबे होते आणि एक पांढरी चिनी बशी होती. रंग कालवायचा, बशीवर ओढून बघायचा, मग गालाला लावायचा, ही घराण्याची रीत. इद्रिस यांनी रंगवलेला नट आपल्या आईलाही ओळखू येत नाही, असे गावात कौतुकाने म्हटले जाई. रंगवणे म्हणजे उजळवणे, याविषयी कोणालाच शंका नव्हती. इद्रिस यांनाही नव्हती.

त्या वर्षी गावच्या नाट्यसमितीने जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये स्पर्धा भरवली होती. अध्यक्ष छगनभाई हे तापीकाठचे कापूस-केळीवाले. समितीचे काम म्हणजेच इद्रिस यांचा वर्षाचा हंगाम, आणि समिती म्हणजे छगनभाई. तळोद्याहून आलेल्या संघात सातही नट भिल्ल आणि पावरा समाजातले होते : कचेरीतले शिपाई, दोन शिक्षक, एक वनरक्षक आणि दवाखान्यातली नर्स कमलीबाई. नाटक एका अमेरिकन कुटुंबाचे होते. बाप राहते घर मोडायला निघतो आणि आई ते धरून ठेवते, एवढीच गोष्ट. मराठी रूपांतर संघाचे भटू गुरुजी यांनी केले होते.

सकाळी तालीम पाहून छगनभाई रंगपटात आले. नटांकडे न बघता ते इद्रिस यांच्याशीच बोलले.

“इद्रिसभाई, तोंडे उजळ काढा. लोके घर देखाले येतस, जंगल नही.”

इद्रिस यांनी मान डोलावली. सांगणे नवे नव्हते. त्यांनी सफेदा आधीच जास्त कालवून ठेवला होता.

प्रयोग दुपारी चारला. सव्वातीनला कमलीबाई आरशापुढे बसल्या. आईची भूमिका त्यांची. आयुष्यात पहिल्यांदाच त्या रंग लावून घेत होत्या. डावा गाल पुरा झाला आणि इद्रिस उजव्याकडे वळले, तेव्हा बाईंनी त्यांचे मनगट धरले. दुसऱ्या हाताने त्यांनी गुरुजींच्या वहीतून एका अमेरिकन मासिकातले कापलेले चित्र काढून आरशाला टेकवले. हेच नाटक तिकडच्या काळ्या नटसंचाने केले, तेव्हाचे ते छायाचित्र होते. नाटक लिहिले गेले होते गोऱ्या घरासाठी. हे घर तुमचे नव्हे, असे त्या नटांनाही ऐकवले गेले होते, हे गुरुजींनी तालमीत सांगितले होते. चित्रात जेवणाच्या टेबलाभोवती पाच काळी माणसे बसलेली, आणि मागे हातात भांडे घेऊन आई उभी.

“भाऊ, हाई कोनी माय शे?” कमलीबाईंनी विचारले.

“ह्या पोऱ्हेसनी.”

“मंग ती पांढरी काबर नही?”

इद्रिस यांनी छगनभाईंचे नाव घेतले नाही. लोके हासतीन, एवढेच ते म्हणाले.

“हासू द्या. पन मन्हा तोंडले हासोत, उसना तोंडले नको.”

बाईंचा अर्धा चेहरा पिठाचा, अर्धा स्वतःचा. बाहेर खुर्च्या सरकू लागल्या होत्या. चेहरा बिनरंगाचा सोडावा तर शेडमधल्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाक-डोळे पुसले जातात, मागच्या रांगेला फक्त काळा गोल दिसतो. हे इद्रिस जाणत होते. रंग हवाच होता. तो मात्र पेटीत नव्हता. त्यांच्या वीस वर्षांच्या कामात तो कधी कालवलाच गेला नव्हता.

त्यांनी खोबरेल घेऊन बाईंचा गाल पुसला. शेडच्या ओट्याला सकाळीच गेरू दिला होता, कोपऱ्यात कोरडा गेरू उरला होता. तो त्यांनी मलमलीतून दोनदा गाळला, त्यात तेल, चिमूट पिवडी, काजळाचे बोट घातले. सवयीने बशीवर ओढला. पांढऱ्या चिनीवर तो चिखलासारखा दिसला. पुन्हा कालवला, पुन्हा चिखल. पावणेचार झाले. तेव्हा त्यांनी बशी बाजूला सारली आणि रंग स्वतःच्या मनगटावर ओढला. मनगट बाईंच्या गालाइतकेच सावळे होते. रंग कातडीत मिसळला, आणि शिरा उठून दिसल्या.

छगनभाई दाराशी आले, तेव्हा चौथा चेहरा चालू होता. त्यांनी ते पाहिले, आरशाला टेकवलेले चित्र पाहिले, आणि निघून गेले. इद्रिस यांनी चौथा चेहरा पुरा केला. मग ते पाचव्या नटाकडे वळले.

पडदा सव्वाचारला उघडला. कमलीबाई भांडे घेऊन आल्या. प्रेक्षकांत कोणी खाकरले, कोणी शेजाऱ्याच्या कानाला लागले. विंगेत इद्रिस बोटे मिटून उभे होते. बाईंनी ताटे मांडली, एक ताट उचलून परत ठेवले, आणि एक भुवई ताणून बापाकडे नुसते पाहिले. ती भुवई शेवटच्या बाकापर्यंत पोचली. तिथला खोकला थांबला. पुढे दीड तासात हसू एकदाच आले, तेही लिहिणाऱ्याने मागितले होते तिथे.

बक्षीस दुसऱ्या संघाला गेले. निघताना कमलीबाईंनी तोंड धुतले आणि पाणी लाल झालेले पाहून इद्रिस यांना म्हणाल्या, पोळ्याले बैल रंगाडतस, तसं व्हयनं. दोघेही हसले. जीप तळोद्याकडे गेल्यावर इद्रिस यांनी उरलेला रंग एका नव्या डब्यात भरला. छगनभाईंनी त्यांच्याकडे पुढच्या कार्यक्रमांचा विषय काढला नाही.

१९६३ पासून समितीच्या पत्रकांवर रंगभूषाकार म्हणून दुसऱ्याचे नाव छापले जाऊ लागले.