आज माझे गोल कोणी होऊ दिले?

मंडळी, मैदानावरून थेट सायबर कॅफेत आलोय. मला दाट संशय आहे.

आम्ही साठी उलटलेले काहीजण इंदिरानगरात रोज सकाळी लॅक्रॉस खेळतो. काठीच्या टोकाच्या जाळीत चेंडू झेलायचा आणि गोलात फेकायचा. धक्काबुक्की मात्र अजिबात नाही.

वर्षभरात माझा एकही गोल झाला नव्हता. आज तीन झाले! माझा चेंडू आला की समोरच्या संघाचा गोलकीपर, माझा मित्र आहेर, खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. एरवी हा माणूस नातवालाही गोल देत नाही.

"आहेर, काय चाललंय?"

"कुठं काय? फॉर्मात हाय तू, लेका!"

मग बाकावर बसलेला माझा मुलगा दिसला. मी बाथरूममध्ये पडलो तेव्हापासून तो मला पुण्याला न्यायचं म्हणतोय. हे मी फक्त आहेरला सांगितलं होतं.

खेळ संपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तब्येत ठणठणीत आहे तुमची. राहा इथेच."

मी हुश्श केलं. तेवढ्यात तो आहेरच्या कानाशी लागला, पण मला ऐकू आलंच. "काका, उद्यापासून नाडी घरूनच बांधून येत जा."

आता तुम्हीच सांगा, पोराला सगळं कळलं होतं, तर मला न नेताच पुण्याला का गेला?