सूर्य एसटीपेक्षा हळू जातो

जूनमध्ये मी तीन वर्षांसाठी जर्मनीला जाते आहे. नोकरी मोजमापाच्या उपकरणांचीच, जी इथे पुण्यात करते तीच. त्याआधी एक काम बाकी होतं. मी बारा वर्षांची असल्यापासून ते बाकी होतं आणि दर मे महिन्यात मी "पुढच्या वर्षी" म्हणत आले होते.

माझे बाबा कारखान्यात लेथवर होते. शिक्षण दहावी. कारखान्याच्या वाचनालयातून ते विज्ञानाची पुस्तकं आणत, वर्तमानपत्राचं कव्हर घालत आणि जेवल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवत. त्यात एक प्रकरण एका ग्रीक ग्रंथपालाचं होतं. दूर दक्षिणेतल्या एका गावात वर्षातून एका दुपारी सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो, असं त्याने ऐकलं होतं. त्या दुपारी त्याच्या स्वतःच्या गावात मात्र सावली पडत होती. त्या सावलीचा कोन आणि दोन गावांमधलं अंतर, एवढ्यावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी.

बाबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हे आपल्याला जमेल." पुढच्या रविवारी त्यांनी पितळेच्या दोन काठ्या करून आणल्या. प्रत्येकी बरोबर एक मीटर, बारा मिलीमीटर जाड, खाली पातळी साधायचे तीन स्क्रू. मध्ये आटे पाडलेले, म्हणजे दोन तुकडे करून पिशवीत नेता येतील. एक काठी आमच्या गच्चीसाठी. दुसरी जो कोणी दक्षिणेला जाईल त्याच्यासाठी. गेलं कोणीच नाही.

पुण्यापासून जवळजवळ सरळ दक्षिणेला मालवणचा किनारा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये पुन्हा येतो, पण तेव्हा कोकणात आकाश दिसत नाही. म्हणजे वर्षाला एकच दुपार. जर्मनीत तर सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. परत येईन तेव्हा बाबा त्र्याहत्तर वर्षांचे असतील. यापेक्षा जास्त कारण मी लिहीत नाही.

मालवण

पुण्याहून रात्रीची गाडी, कोल्हापूर आणि गगनबावड्याच्या घाटातून कुडाळ. (घाटात काम सुरू आहे का, हे निघण्याआधी विचारा.) कुडाळला चहा आणि घावणे खाऊन मालवणची एसटी धरली, तास-सव्वा तास. मुक्काम बाजारापासून दूर, माडांच्या बागेतल्या एका घरात होता. दोन वेळच्या जेवणासह दिवसाला दीड हजार. हे घर मंदाकाकू चालवतात. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज पलीकडच्या वाडीत पोचेल असा.

मी अंगणात काठी जोडायला घेतली तशा त्या ओटीवरून बघत उभ्या राहिल्या.

"काय गो ह्यां? पडद्याचो दांडो घेवन इलंस?"

मी सांगितलं. ग्रंथपाल, विहीर, बाबा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून मागच्या दारी नेलं. तिथे स्टीलची सात-आठ ताटं मांडली होती. आंब्याचा रस ताटात ओतून उन्हात वाळवला की त्याची जाड पोळी होते, तिला साठ म्हणतात.

"गेल्या म्हयन्यात ही ताटां फुडल्या दारात होती," काकू म्हणाल्या. "ऊन उलाटूक इलां काय मागल्या दारात हाडतंय. हय भिंतीच्या मुळापर्यंत ऊन गावता."

"ऊन उलटतं हे कळतं कसं? तारखेवरून?"

"माका कॅलेंडर लागणा नाय. ताट बघलां काय कळता. दुपारची काठाची सावली आज ह्या बाजूक आसा. ती त्या बाजूक गेली काय ऊन उलाटलां. उद्या जातली."

साडेबाराला मी ताटाशी बसून बघितलं. त्या वेळी दक्षिणेकडच्या काठाची बारीक सावली रसावर होती. सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकला की ती उत्तरेच्या काठाला जाणार. माझ्या वहीत तीन पानं आकडेमोड होती, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत. काकूंचं उपकरण किती हे सांगत नव्हतं, फक्त अधिक की उणे एवढंच सांगत होतं. पण त्यांचं आणि माझं उत्तर एकच निघालं, उद्या.

त्या आनंदात मी दुपारी तीन बांगडे खाल्ले. एरवी दोन खाते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काठी उभी, पातळी तपासलेली, खाली पांढरा कागद. मालवणची खरी मध्यान्ह बारा तेहेतीसला. सव्वाबाराला समुद्रावरून एक ढग आला. मोठा नव्हता. पण तो आला आणि थांबला. बारा पंचवीस. बारा तीस. काकू ताटांवर पातळ फडकं टाकायचं सोडून ढगाला बोलत होत्या, "सर मेल्या बाजूक! पुण्यासून चेडू इलांसा!" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

बारा चौतीसला बाबांचा फोन आला. आवाज कारखान्यातला होता, मोजणीचा. "त्रेचाळीस मिलीमीटर. कडा पुसट आहे, मधली रेघ धरली. तुझ्याकडे?"

"ढग."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग, "बरं. जेवून घे."

पाऊण वाजता ऊन पडलं. स्वच्छ, सुंदर आणि निरुपयोगी.

मी काठी सुटी केली नाही. तशीच ओटीवर बसले. काकूंनी सोलकढीचा पेला आणून ठेवला आणि शेजारी बसल्या. माझी समजूत काढायची म्हणून त्यांनी विचारलं असावं, "मगे आता हो तुजो सूर्य उद्या खंय जातलो?"

"उत्तरेला. रोज एकतीस-बत्तीस किलोमीटर सरकतो."

"म्हणजे उद्या खंय?"

मी वही उघडली. हा आकडा माझ्या वहीत होता. पहिल्याच पानावर, चौकट करून: *एक दिवस चुकला तर बत्तीस किलोमीटरचा फरक.* मी तो चूक म्हणून लिहिला होता. रस्ता म्हणून त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मी नकाशा काढला, पट्टी ठेवली.

"देवगड," मी म्हटलं. "उद्या सूर्य देवगडला आहे."

"देवगडाक!" काकू उभ्याच राहिल्या. "अगो, थय माजो भाव आसा! सूर्य आख्ख्या दिवसात देवगडाक जातलो? आमची एसटी दोन तासात जाता."

"सूर्य एसटीपेक्षा हळू जातो, काकू."

"मगे रडतंस कित्याक? सकाळच्या गाडयेन जा नि त्येच्या आधी जावन बस."

मी रडत नव्हते. पण मुद्दा बरोबर होता.

देवगडच्या वाटेवर

मालवण–आचरा–मिठबाव–कुणकेश्वर हा रस्ता कोणी सांगितला नाही तरी घ्या. वळणं भरपूर, पण समुद्र मध्येच डावीकडे येतो, मध्येच नाहीसा होतो, आणि खाडीच्या पुलांवर गाडीतले सगळेजण न ठरवता एकाच बाजूला बघतात. आचऱ्यानंतर कातळाचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, लागतात, त्यांवर काजू आणि मग हापूसच्या बागा. मेमध्ये रस्त्याच्या कडेला पेट्यांचे टेम्पो उभे असतात आणि खिडकीतून येणाऱ्या वासाला दुसरं नाव देता येत नाही. वाटेत मी बाबांना कळवलं: "जागा बदलली. आज देवगड. पुन्हा मोजा." उत्तर आलं: "काठी हलवलीच नव्हती."

कुणकेश्वरच्या पुढे, देवगडच्या अलीकडे दाजींची बाग आहे. दाजी म्हणजे काकूंचे भाऊ. ते एका झाडाखाली उभे राहून जाळी लावलेल्या लांब काठीने आंबे उतरवत होते. बहिणीचा फोन आधीच पोचला होता.

"पुण्यासून सूर्य बघूक इली ती तूच? थय नाय काय सूर्य?"

"आहे. पण सरळ नाही. आठवडाभराने होईल."

"आमचो सरळ आसा?"

"आज आहे. बारा तेहेतीसला."

ते हसले. मी विचारलं, बागेत विहीर आहे का. होती. चिऱ्यांनी बांधलेली, चौकोनी, त्यांच्या वडिलांनी कातळ फोडून खणलेली. मी विचारलं, मेमध्ये दुपारी तळाशी ऊन पोचतं का, कधी बघितलंय का.

दाजींनी खरंच विचार केला. "पन्नास वर्सां झाली विहिरीक. पण बारा-साडेबारा म्हणजे माजी जेवची येळ. त्या येळाक विहिरीत कोण बघतलो?"

या वाक्यावर मी अजून विचार करते आहे. बाबांच्या पुस्तकात ग्रंथपालाचं नाव होतं, गावाचं होतं. विहिरीत ज्याने पहिल्यांदा डोकावून बघितलं त्याचं नव्हतं. ग्रंथपाल स्वतः तिथे गेला असेल असं वाटत नाही, त्याने फक्त ऐकलं होतं. म्हणजे कोणीतरी एकाने एका दुपारी जेवण सोडलं असणार, त्याशिवाय पृथ्वीचा घेर निघाला नसता.

आमच्याही जेवणावरून भांडण झालंच. दाजींच्या पत्नी, जयाकाकी, बारा वाजता दारातून ओरडल्या, "आमटी निवता हां! सूर्य काय पळान जाता?"

"आज पळान जाता!" दाजी विहिरीवरून ओरडले. आता ते माझ्यापेक्षा जास्त गुंतले होते. काठीची पातळी तपासायला त्यांनी गवंडीकामातला ओळंबा आणला आणि बाबांच्या काठीशेजारी धरला. दोरा आणि पितळ यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी. "कोणी केल्यान ह्यां?"

"बाबांनी. लेथवर होते."

"हात सरळ आसा माणसाचो."

आकाशात दोन ढग होते, दोन्ही जमिनीच्या बाजूला. सावली कागदावर लहान होत होती. बारा वीसला काठीच्या बुडापाशी बोटभर. बारा अठ्ठावीसला नखाएवढी. मी मिलीमीटर लिहून घेत होते आणि नंतर लिहायचं थांबवलं, कारण लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. बारा तेहेतीसला पितळेची काठी उन्हात उभी होती आणि तिला सावली नव्हती. मलाही नव्हती, होती ती माझ्याच पायाखाली. आजूबाजूची प्रत्येक वस्तू, चित्रात कोणीतरी तिची सावली काढायची विसरल्यासारखी दिसत होती.

"अगो, हय ये! हय ये!" दाजी कठड्यावर ओणवे झाले होते.

विहिरीच्या चारही भिंती कोरड्या उजेडात होत्या, आणि तळाच्या पाण्यात, मधोमध, सूर्य होता. त्याच्या कडेने एक बेडूक पोहत गेला. दाजींनी टोपी काढली. मग मोठ्याने हाक मारली, "जया! आमटी ऱ्हवांदे, आधी हय ये!" आणि जयाकाकी हातातली पळी घेऊनच पळत आल्या.

फोन वाजला.

"अडतीस," बाबा म्हणाले.

"शून्य," मी म्हणाले.

मग दोघांनीही ते आपापल्या वहीत लिहिलं.

गणित आंब्याच्या पेटीच्या झाकणावर केलं, दाजींच्या मार्करने. एक मीटर काठी, अडतीस मिलीमीटर सावली, म्हणजे कोन जवळजवळ दोन पूर्णांक अठरा शतांश अंश. दक्षिणोत्तर अंतर मी छापील नकाशावर पट्टीने मोजलं होतं, दोनशे अडतीस किलोमीटर. फोनमधले अक्षांश घेतले नाहीत, कारण त्यांवरून किलोमीटर काढायचे तर पृथ्वीचा घेर आधीच ठाऊक असावा लागतो. छापील नकाशातही तो ठाऊक असतोच, म्हणजे थोडी लबाडी उरतेच, हे मान्य. पूर्ण वर्तुळात असे कोन किती बसतात ते काढून अंतराने गुणलं. उत्तर आलं साधारण एकोणचाळीस हजार चारशे किलोमीटर.

"आणि खरो किती?" दाजी.

"चाळीस हजार."

"मगे सहाशे किलोमीटर खंय गेले?"

"सावलीची कडा पुसट असते. एक मिलीमीटर इकडेतिकडे झाला की हजार किलोमीटर जातात."

दाजींनी झाकणाकडे पाहिलं. "म्हणजे तुज्या बापाशीची चूक एका मिलीमीटरापेक्षा कमी. लेथवालो म्हणतंस ना, मगे बरोबर."

आमटी निवली होती. तरी दोनदा वाढून घेतली.

परत घरी

येताना दोन पेट्या हापूस, काकूंनी माझ्यासाठी दाजींकडे पाठवलेली चार साठं आणि पेटीचं ते झाकण. झाकण बाबांनी हातात धरून चष्मा वर-खाली करत तीनदा वाचलं. मग स्वतःची वही काढली.

"परवा त्रेचाळीस, काल अडतीस. रोज पाच कमी. अडतीसला पाचाने भाग. आठव्या दिवशी तो इथे येतो."

मी पुण्याला एका रात्रीत पोचले. सूर्य चालत येत होता. आठ दिवस बाबा रोज बारा एकतीसला गच्चीवर जात आणि खाली येऊन आकडा सांगत, जणू कोणी पाहुणा वाटेवर आहे आणि तो कुठवर आला ते कळवत आहेत. आठव्या दिवशी आम्ही दोन्ही काठ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, आणि बाजूला स्टीलचं एक ताटही ठेवलं, काकूंच्या पद्धतीने. बारा एकतीसला बाबा म्हणाले, "आला." आणि आम्ही तिघेही, म्हणजे ते, मी आणि तो, काही क्षण अगदी सरळ उभे होतो.

मग त्यांनी एका काठीचे आटे सोडवले, दोन तुकडे फडक्यात गुंडाळले आणि माझ्या बॅगेपाशी ठेवले.

"तिथे शून्य कधीच येणार नाही, बाबा. जूनमध्येसुद्धा अर्धा मीटर सावली पडेल. डिसेंबरमध्ये तीन मीटर."

"पडू दे ना. जी पडेल ती कळव. मी इथली सांगेन. दोन्हींचे कोन काढून वजाबाकी करू, पुन्हा घेर काढू."

काठी साधारण एक किलोची आहे. बॅगेत तेवीस किलो चालतात आणि माझे तेवीस आधीच भरले होते. मी एक स्वेटर काढून ठेवला. स्वेटर तिथेही मिळतात.