तलावाकाठी कोणता भाऊ

आमच्या भागात भाऊ हा शब्द अगदी रस्त्यावर पडलेला आहे. चहावाला भाऊ, कंडक्टर भाऊ, वनरक्षक भाऊ, शाळा तपासायला आलेले साहेब पाठमोरे झाले की तेही भाऊ. आरमोरीच्या बाजारात उभं राहून कुणी नुसतं "ओ भाऊ" म्हटलं तर निम्मा बाजार वळून बघतो. अशा या मुलखात माझा काका सहा वर्षं एकाच माणसाला भाऊ म्हणत नव्हता, आणि तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, माझे बाबा.

भांडण शेतावरून असतं तर समजू शकले असते. घरावरून असतं तर वकील तरी जेवले असते. यांचं भांडण नाटकावरून. काका हौशी नट. हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघाल्या की त्याला हमखास म्हाताऱ्या बापाचं काम मिळतं. खोकत यायचं, पोरांना चार शब्द सांगायचे आणि मरायचं. मरण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्याच गावात तो असा सुंदर मेला होता, बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि पहिल्या रांगेतून बाबा म्हणाले, "उठ रे आता, चाय थंडा होऊन राह्यला."

बाबांचं म्हणणं, मी हळूच बोललो. पण ज्या माणसाचा जन्म धानाच्या एका बांधीतून चौथ्या बांधीतल्या माणसाशी बोलण्यात गेला, त्याचं हळू कसलं? सगळा मंडप हसला. रंगमंचावरचं प्रेतही रागानं थरथरलं, आणि प्रेतही हसतंय असं वाटून लोक आणखी हसले. त्या दिवसापासून काकानं बोलणं टाकलं. बाबाही हट्टी. चूक झाली एवढं म्हणायला त्यांची जीभ वळेना.

दोघांच्या घरांची भिंत एक. एकाला शिंक आली की दुसऱ्याच्या घरात भांडं वाजतं. तरी कारभार माझ्यामार्फत. मी वडशाला शिक्षिका, रविवारी माहेरी गेले की दोघं अंगणात तीन हातांवर बसलेले असायचे. काका मला म्हणायचा, "त्याले सांग, नळ आला." बाबा म्हणायचे, "त्याले सांग, मले दिसून राह्यलं." मी तिसरीच्या वर्गाला इतकं समजावत नाही जितकं या दोन म्हाताऱ्यांना समजावलं. रागावले, रुसले, एकदा तर दोघांच्या ताटात मुद्दाम अळणी वरण वाढलं. दोघांनी आपापलं मीठ मागितलं, माझ्याकडे.

मी हसत सांगते आहे, पण या दिवाळीत हसू गेलं. बाबा चौऱ्याहत्तरचे. फराळ करता करता मला म्हणाले, "मी मेल्यावर तरी येईन का वो तो?" आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही. त्यांना त्यांचा भाऊ हवा होता, आणि भिंतीपलीकडे असूनही तो त्यांना मिळत नव्हता. आई गेल्यापासून लहानपणच्या गोष्टी बोलायला त्यांच्याकडे दुसरं कुणी उरलेलंही नव्हतं. मी काकूशी संधान बांधलं. धान मळून झालं की सगळ्यांनी मोठ्या तलावावर एक मुक्काम करायचा, पानगे करायचे, आणि दोघांनाही सांगायचं की दुसरा येणार नाही.

तलाव म्हणजे खरं तर धरण. या काठावरून तो काठ धूसर दिसतो. पण आमच्याकडे पाणी कितीही पसरलं तरी तलावच. नागभीडकडे जाताना डोंगराच्या कुशीत आहे. काठावर कुंपण घातलेलं मोकळं मैदान आहे, तिथं आपापला तंबू ठोकून राहता येतं. एक चहाची टपरी, एक वनरक्षक, आणि डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, फिरवून आणणारा एक डोंगेवाला, एवढी तिथली वस्ती. आम्ही बाबांना घेऊन पोचलो तर काका नि काकू आधीच टपरीवर चहा पीत होते.

बाबा गाडीतून उतरले आणि परत बसले.

"मले घरी सोडून दे," ते म्हणाले.

तिकडे काकानं कप खाली ठेवला. "काऊन वो," तो काकूला म्हणाला, "तू तर म्हनली होती का त्याचा गुडघा दुखून राह्यला म्हनून."

"दुखतेच," काकू म्हणाली. "दुखते म्हनूनच गाडीनं आले ना."

परत जायची बस संध्याकाळशिवाय नव्हती. संध्याकाळी कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, पट्टेदार पाण्यावर येतो, असं वनरक्षकानं येताच बजावलं होतं. तेव्हा काकाला राहणं भाग होतं, आणि गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये असल्यामुळे बाबांनाही. वाघाचे उपकार कुणी मानत नाही. मी त्या दिवशी मनापासून मानले.

माझ्या नवऱ्यानं नवा तंबू घेतला होता. दोन मिनिटांत उभा राहतो, असं खोक्यावर लिहिलेलं. पाऊण तास तो त्या काड्या एकमेकींत घालत होता आणि कागदावरची चित्रं उलटसुलट धरून बघत होता. बाबा एका दगडावर बसून सूचना देत होते, काका दुसऱ्या दगडावरून. दोघांच्या सूचना उलट, आणि दोन्ही माझ्यामार्फत. शेवटी तंबू उभा राहिला, पण जमीन मुरमाड, खुंट्या आत जाईनात. दोन वाकल्या, बाकीच्या नवऱ्यानं खिशात टाकल्या. "चार कोपऱ्यांत बॅगा ठेवतो," तो म्हणाला. "हलतो कुठे." मी शिक्षिका आहे, असली वाक्यं मला नापास होणाऱ्या मुलांकडून रोज ऐकू येतात. पण पानग्यांची घाई होती, म्हणून गप्प बसले.

पानगे म्हणजे कणकेचे जाड गोळे चापट करून, खालीवर पळसाची पानं लावून, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजायचे. मग फोडून वर तूप, सोबत वांग्याची भाजी. सोपं वाटतं. पण आमच्या घरात कणीक काकाची आणि आर बाबांचा, ही वाटणी दोघांच्या लहानपणापासूनची. बाबा पानाच्या वासावरून सांगतात की आता उलटा. सहा वर्षांत दोन्ही घरी पानगे झाले नाहीत, हे मला त्या दिवशी काकूनं सांगितलं. करून बघितले होते म्हणे दोन्हीकडे. एकीकडे कणीक फसली, दुसरीकडे आर.

काकानं कणीक मळली. परात माझ्या हातात दिली, मी ती आठ पावलं चालून बाबांना दिली. बाबांनी गोळा हातात घेऊन दाबून पाहिला.

"त्याले सांग, ओवा कमी हाय."

मी आठ पावलं परत गेले.

"त्याले सांग," काका म्हणाला, "ओवा आनलाच नाई. वास कशाचा आला त्याले?"

मी मध्येच उभी राहिले. "आता मी कुणालाच काही सांगणार नाही," म्हटलं. "तोंडं आहेत तुम्हाला. वापरा." दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच भांडण लावतेय. मग बाबांनी गोवऱ्यांकडे तोंड फिरवलं आणि काका, अंग दुखतं म्हणत, तंबूत जाऊन आडवा झाला. मला रडू येईल इतका राग आला होता. एवढा घाट घातला, आणि भिंतीऐवजी इथं कापड मध्ये आलं इतकंच.

तंबूत काकाला पाय लांब करता येईनात म्हणून त्यानं चारही बॅगा बाहेर सरकवल्या. हे आम्हाला नंतर कळलं. दुपार कलली की त्या पाण्यावरून वारा सुटतो. आधी पळसाची पानं उडाली. मग टपरीचा पडदा फडफडला. मग तंबू एका बाजूनं उचलला गेला. काका दचकून आत उभा राहिला, तेवढं निमित्त पुरलं. तंबू काकासकट कलंडला आणि उतारावरून पाण्याकडे निघाला. काका अंगानं काटकुळा, त्याचं वजन वाऱ्यानं मोजलंच नाही. एक कोलांटी झाली, मग दुसरी. मधूनच जाळीच्या खिडकीत काकाचं तोंड दिसायचं आणि पुन्हा पाय दिसायचे. नाटकात इतकी वर्षं मेलेला माणूस, पण खरी भीती त्याच्या आवाजात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"ओ भाऊ! ओ भाऊ, पकडा ना!"

आणि काठावरचे सगळे भाऊ वळले. टपरीवाला हातात गाळणी घेऊन वळला. वनरक्षक काठी सावरत वळला. डोंगेवाला तर दहा पावलांवर दोर गुंडाळत होता, तो दोर टाकून निघालाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "आलो, आलो." गुडघा दुखणारे माझे बाबा, दोन्ही हात कणकेनं भरलेले, धोतराचा सोगा तोंडात, उतारावरून पळत होते. डोंगेवाल्याच्या बाजूनं ते असे गेले की तो बिचारा थबकलाच. पाण्यापासून दोन हातांवर बाबांनी तंबूवर चक्क अंग टाकलं आणि काडी धरली.

मी पोचले तेव्हा दोघं जाळीच्या दोन बाजूंना होते. नाकाला नाक लागायचं बाकी. बाबा दम खात होते. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उठ रे आता..." आणि तिथंच त्यांनी जीभ चावली. काकूनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, आता आणखी सहा वर्षं.

मग तंबू थरथरायला लागला. काका हसत होता. असा हसला की त्याला चेन सापडेना आणि आम्हाला त्याला बाहेर काढायला वेळ लागला. बाबा वाळूत बसून हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते, त्यामुळे सगळी कणीक भुवयांना लागली. "चाय थंडा झाला का गा?" काकानं विचारलं. सहा वर्षांतलं हे त्याचं बाबांना उद्देशून पहिलं वाक्य.

पानगे अर्थात जळले. आराजवळ कुणी नव्हतंच. काळं सोलून काढत आम्ही आतला भाग खाल्ला. ओवा नव्हता, कडक झाले होते, आणि बाबांनी पाच खाल्ले. दोघांनी मग त्या एकाच तंबूत मुक्काम केला, या वेळी चारही कोपऱ्यांत दगड ठेवून.

सकाळी काका कडुलिंबाची काडी चावत माझ्याजवळ आला. इकडे तिकडे पाहिलं. "तुले एक सांगतो," म्हणाला. "मी डोंगेवाल्याले बलावलो होतो. भाऊ येईन असं मले वाटलंच नव्हतं. त्याले नोको सांगू. खुशीत हाय तो." मी मान हलवली. बाबांचं सगळं सुख एका चुकीच्या ऐकण्यावर उभं आहे असं मला वाटलं, आणि कुणी ते बोलून बसेल या धास्तीनं, मागे येऊन ऐकत उभ्या असलेल्या काकूलाही मी डोळ्यांनीच दटावलं.

निघायच्या आधी मी आणि बाबा तंबूची घडी घालत होतो. घडी पिशवीत जाईल तर तो तंबू कसला. तीनदा उलगडून पुन्हा घातली. मला राहवेना. सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काकानं हाक मारली म्हणून बरं झालं."

बाबांनी कापड हातानं सारखं केलं. "मले थोडी मारली," ते म्हणाले. "'पकडा' म्हनला ना तो. मले त्यानं जन्मात कधी 'पकडा' म्हनलं काय? 'पकड' म्हनते. डोंगेवाल्याले मारली होती हाक."

मी हातातलं टोक धरून तशीच उभी राहिले. "मग तुम्ही गेलात काऊन?"

"भाऊ तर म्हनला," बाबा म्हणाले. "सहा वर्सानं त्याच्या तोंडून आयकलो. आता कोनाले म्हनला ते पाहात बसू का?"

शाळेत, घरात, बसमध्ये, कुठंही जिचं तोंड बंद होत नाही ती मी, कापडाची सुरकुती काढत राहिले.

तेवढ्यात खालून, पाण्याच्या बाजूनं हाक आली. "ओ भाऊ!" टपरीवाल्यानं मान वर केली. वनरक्षकानंही केली. बाबा हलले नाहीत. कान देऊन उभे राहिले.

"चाल ना बे, डोंगा सुटून राह्यला."

बाबांनी त्यांच्याकडचं टोक माझ्या हातात दिलं आणि उतारावरून चालू लागले.