कापसाचं बाळ

यवतमाळच्या त्या खासगी नर्सिंग शाळेत, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याच्या सरावासाठी दोन बाळं होती. एक रबराचं. तोंडावर मास्क नीट बसवून हवेचा फुगा दाबला की त्याची छाती वर यायची. ते आलं त्याच पिशवीत, काचेच्या कपाटात झोपून असे, आणि किल्ली कुंदा मॅडमच्या पर्समध्ये. तपासणीला माणसं आली की बाहेर निघे, फोटो झाला की पुन्हा आत. ते फाटलं असतं तर संस्थाचालकांनी मॅडमनाच धरलं असतं.

दुसरं मुलींनी जुन्या लुगड्याचं शिवलेलं. त्यात भरायला कापूस संगीता राठोडनं घाटंजीजवळच्या आपल्या तांड्यावरून आणला. दोन हजार सहाचं साल. भाव येईल म्हणून थांबवलेला कापूस घराघरात माणसांच्या अंथरुणाची जागा अडवून बसला होता. "ने पोतंभर," भाऊ भारत म्हणाला, "कोनाच्या तरी कामी येऊ दे." मुलींनी बाळ इतकं ठासून भरलं की त्याची मान वाकत नव्हती.

त्याची छाती काय उठणार? मॅडमनी त्यावर तोड काढली. फुगा दाबताना मोठ्यानं म्हणायचं, 'छाती उठतेय.' परीक्षकाला ऐकू गेलं पाहिजे. संगीता सगळ्यांत छान म्हणायची. "बघा हिला! तुम्ही काय तोंडात सुपारी धरलीय?" मॅडम बाकीच्यांना टोमणा मारत.

भारतची बायको जमनी पहिलटकरीण होती. तांड्यात बायका घरीच बाळंत होत. संगीतानं हट्ट धरला, "भोजाई, यवतमाळले ये. मायी ड्यूटी तिथल्या दवाखान्यातच आहे. बाळ रडलं नाही त काय करायचं, ते येते मले."

"अन् तुयासारखं बडबडं निघालं त? बंद करता येते काय?" जमनी हसली. पण आली.

बाळ निळसर आणि ढिलं जन्मलं. रडलं नाही. शेजारच्या टेबलावर एकीला रक्तस्राव सुरू झाला होता, डॉक्टर आणि सिस्टर तिच्याशी झुंजत होते. "शिकलीयेस ना? कर सुरू!" सिस्टर तिथूनच ओरडली.

संगीतानं बाळ पुसलं, मास्क लावला, फुगा दाबला. हात शिकवल्यासारखे चालले आणि तोंडही. "छाती उठतेय. छाती उठतेय." ते ऐकून सिस्टर निर्धास्त झाली, तिनं वळून पाहिलं नाही.

छाती उठत नव्हती. बाळाची हनुवटी खाली पडली होती. मान जराशी मागे घ्यायची, एवढंच काम होतं. पुस्तकातली ती ओळ संगीताला पाठ होती. पण हातांना न वाकणाऱ्या मानेची सवय होती आणि डोळ्यांना छातीकडे न बघण्याची.

डॉक्टर मोकळे होऊन आले. त्यांनी खांद्याखाली कापड सारलं, मान सरळ केली, फुगा दाबला. छाती वर आली. छाती उठणं असं असतं, हे संगीतानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ठोके मात्र केव्हाच थांबले होते.

"तू काय बघत होतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना म्हणाली, "ते रबराचं बाळ काढा ना, मॅडम."

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे. मग बघू." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "परीक्षेत अशी गांगरू नकोस."

परीक्षा कापसाच्या बाळावर झाली. संगीता पहिली आली.

निकालानंतर ती तांड्यावर गेली तेव्हा शेजारच्या हंसाबाई येऊन बसल्या. जमनी त्यांना सांगत होती, "म्या सोताच्या कानानं ऐकलं ना. सारखी म्हनून राह्यली होती, छाती उठून राह्यली. हिनं काही कसर नाही सोडली. आमचंच नशीब."

"भोजाई, ते तसं नव्हतं..." संगीता म्हणाली.

"राहू दे," भारत म्हणाला. "कायले जीव जाळतं? तुनं आपलं सारं केलं."

"माया सुनेले बी तुयाजवळच आनतो," हंसाबाई म्हणाल्या. "तू असली म्हंजे भेव नाही."

जमनी मान हलवत होती. आपलं माणूस शेवटपर्यंत बाळाजवळ होतं, एवढंच तिच्या पदरात उरलं होतं. संगीतानं तिच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे.

"आना, काकी," ती म्हणाली.