वहिनींना न दिलेला फोन

सहा वर्षांत हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. दादा गेला त्या दुपारी त्याला वहिनींशी बोलायचं होतं, आणि मी फोन त्यांच्या हातात दिला नाही.

दादा फौजेत होता, सीमेवर. वहिनी आणि त्यांची मुलगी लखनौला आमच्याकडे, वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरी. दादा सुट्टीवर यायचा होता म्हणून त्याला चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घ्यायला मी वहिनींना चौक बाजारात नेलं. त्यांचा मोबाईल घरीच चार्जिंगला राहिला होता.

"भैया, ये मशीन का काम है, हाथ का दिखाइए," असं दुकानदाराला सुनावून त्यांनी एक कुर्ता माझ्या पाठीला लावला. "हलू नका हो भावोजी! ह्यांचे खांदे तुमच्याहून दोन बोटं रुंद. तुम्ही ऑफिसात बसून बसून आक्रसलात."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादाच्या युनिटमधले साहेब होते. दादाला गोळी लागली होती, पण तो शुद्धीवर होता. "मैडम का फोन नहीं उठ रहा. उनसे बात करना चाहते हैं. आप करवा दीजिए, जल्दी."

"ऑफिसचा आहे," असं वहिनींना सांगून मी दुकानाची पायरी उतरलो. त्या चार पावलांवर उभ्या, कुर्ता उलटून शिवण बघत होत्या.

मी म्हणालो, "वो अभी साथ में नहीं हैं, सर."

वहिनींना धक्का बसू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नाही. मी घाबरलो. भर गल्लीत त्या कोसळल्या तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. गाडीपर्यंत नेऊ, पाणी देऊ, मग फोन लावू. गाडीशी पोचायच्या आत साहेबांचाच पुन्हा आला. दादा गेला होता.

वहिनींना मी फक्त या दुसऱ्या फोनचं सांगितलं.

लखनौतल्याच जानकीपुरमच्या एका शाळेत दरवर्षी मला शहिदाचा भाऊ म्हणून बोलावतात. मी बलिदानावर बोलतो, वहिनी पहिल्या रांगेत बसतात. परतताना गाडीत दर वेळी विचारतात, "भावोजी, ह्यांनी शेवटी माझं नाव घेतलं असेल का हो?"

"तो लगेच गेला, वहिनी. काही बोलायला वेळच मिळाला नाही."

आता ते साहेब बदली होऊन लखनौला आलेत. रविवारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. काल मटार सोलता सोलता वहिनी म्हणाल्या, "मी सगळं विचारणार आहे त्यांना. मिनिट न् मिनिट."

"मम्मी, पहले उनको खाना तो खाने देना," मुलगी हसली. मीही हसलो.

ताटावर बसून साहेब सहज म्हणतील, 'भाईसाहब से तो मैंने कहा था.' मग वहिनी माझ्याकडे बघतील. त्या नजरेची मला इतकी भीती वाटते की सकाळी साहेबांचा नंबर काढून बसलो होतो, काही बोलू नका म्हणायला. लावला नाही. पण बसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

आज गुरुवार आहे. शेवटी दादाला वहिनींशीच बोलायचं होतं आणि मी आड आलो, हे त्यांना माझ्या तोंडून सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.