सुभेदारांचा गेटपास

मांजरीला गेटपास देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइपच्या कारखान्यात, गोडाऊनमध्ये एक मांजर व्याली होती. ड्रायव्हरनं ती खोक्यात घालून आपल्या कॅम्पवर, कामगारांच्या वस्तीवर, न्यायचं ठरवलं. गेटवर सुभेदारांनी खोकं थांबवलं, पासबुक उघडलं आणि लिहिलं, 'मांजर एक, पिल्लं तीन. नॉन-रिटर्नेबल.' चार दिवसांनी मांजर एकटीच चालत परत आली. सुभेदारांनी आवक रजिस्टरात तिची नोंद केली, जुन्या पासवर 'मांजर परत' अशी दुरुस्ती करून बाजूला सही ठोकली. आम्ही हसून हसून बेजार झालो. ते हसले नाहीत.

सुभेदार म्हणजे आमचे सिक्युरिटी इनचार्ज. कोरेगावकडचे, फौजेत सव्वीस वर्षं काढून शारजाला आलेले. पट्ट्याला शिट्टी, हातात टॉर्च, बस्स, एवढाच त्यांचा दारूगोळा. चालताना मात्र उजव्या हाताचा अंगठा खांद्यापाशी अडकवलेला असायचा. बंदुकीचा पट्टा खांद्यावरून कधीच उतरला होता, अंगठ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला 'ताई' म्हणायचे. मी ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघायची, म्हणजे मालाबरोबर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा. तेव्हा मी तिशीची, तोंडाळ, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याची पक्की खात्री असलेली. ती खात्री अजून आहे म्हणा.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी यार्डात चोर शिरले. तांब्याची केबल नेली आणि आडवा आला म्हणून जोसेफ नावाच्या वॉचमनचं डोकं फोडलं. सात टाके पडले. शनिवारी आमच्या मालकांनी, शेठनी, सुभेदारांना केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर एक रिव्हॉल्वर ठेवलं. "रख लो सुभेदार. लायसन्स का बाद में देखेंगे, इन्शाल्ला." आमच्यासारख्या परदेशी माणसांना ते मिळायची काडीची आशा नाही, हे शेठना चांगलं ठाऊक होतं.

"लायसन्स पहले, साहब," सुभेदार म्हणाले. सलाम ठोकला आणि बाहेर आले.

मग काय, आठवडाभर चहाच्या वेळी दुसरा विषय नाही. सगळं ऑफिस शेठच्या बाजूनं, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा. "चोर काय लायसन्स काढून येतात का, सुभेदार?"

"म्हणून तर त्याला चोर म्हणायचं, ताई."

"आणि उद्या तुमचंच डोकं फुटलं तर?"

"फुटलं तर टाके घालू. माझ्या गोळीनं कुणी मेला, तर त्याला कुठं टाके घालता?"

"अहो, पण तुमच्यासारख्या कसलेल्या माणसाला कागद हवाच कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "फौजेत रोज सही करून बंदूक घेतली आन् सही करून परत दिली. सव्वीस वर्षं. सही नसली की ती कुणाचीच नसते. कुणाचीच नसलेली बंदूक लई वाईट."

मला ते पटलं नाही. म्हातारा हट्टी आहे, असंच मी घरी नवऱ्याला सांगितलं.

पुढच्याच गुरुवारी खंडेनवमी होती. शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटवर दरवर्षी शस्त्रपूजा व्हायची. शस्त्रं कसली डोंबलाची! नवऱ्याचे पाने-स्क्रूड्रायव्हर, माझी कात्री, विळी, लेकीची कंपासपेटी. आरतीला सुभेदार यायचेच. गुरुवारी हाफ डे होता. निघताना शेठनी मला मिठाईचा डबा दिला, वरून नाडा बांधलेला. "बहेनजी, आज इसकी भी पूजा कर देना. पूजा का हथियार सुभेदार मना नहीं करेगा." आत काय आहे ते मला हाताला जड लागताच कळलं. आणि खरं सांगते, कल्पना मला भारी आवडली.

गेटवर मी स्वतःच्या हातानं पास लिहिला, 'मिठाई, एक डबा.' सुभेदारांनी विचारलं, "काय आहे, ताई?"

"पूजेचं आहे."

"मग उघडत नाही," ते म्हणाले आणि सही केली. कुणाच्या टिफिनचं झाकणसुद्धा उघडून बघणारा माणूस! देवाचं म्हटलं म्हणून त्यानं हात लावला नाही. आणि मी कंपनीच्या बसमधून, मांडीवर रिव्हॉल्वर घेऊन, रोल्लापर्यंत मजेत गप्पा मारत आले.

संध्याकाळी पाटावर पान्यांच्या मधोमध ते मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. लेक पाटाला नाक लावून बसली. "मम्मा, इज इट रिअल?" तेवढ्यात सुभेदार दारात आले. एका नजरेत त्यांनी पाट बघितला आणि एका हातानं लेकीला उचलून तिच्या बापाकडे दिलं. मग खाली बसून त्यांनी रिव्हॉल्वर उघडलं. त्यांच्या हळद लागलेल्या बोटांत तीन गोळ्या निघाल्या.

"मांडायच्या आधी रिकामी केली का, ताई?"

रिकामी करायची असते हेच मला माहीत नव्हतं. सगळं कळणारी मी!

"तुम्ही कागदाशिवाय एक पाइप गेटबाहेर सोडत नाही," ते हळूच म्हणाले. "आन् हे आणलंत?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडायलाच लागले. नवरा म्हणाला, "सुभेदार, तुम्हीच कारखान्यावर नेऊन द्या ना." त्यांनी मान हलवली. "एक पाऊल नाही. ज्यानं तुम्हाला दिलं तो नेईल." शेठना फोन केला, तासाभरात आला नाहीत तर पुढचा फोन पोलिसांना, असं सांगितलं आणि पाटासमोर मांडी घालून बसले. चहासुद्धा घेतला नाही. शेठ पन्नासाव्या मिनिटाला आले. रिव्हॉल्वर घेऊन गेले. पुढं त्याचं काय केलं देव जाणे, पण आमच्या गेटमधून ते पुन्हा आलं नाही, एवढं खरं.

शनिवारी सुभेदारांनी रजिस्टरात लिहिलं, 'गुरुवारी डबा न तपासता सोडला. आत रिव्हॉल्वर होतं. चूक माझी.' शेठ म्हणाले, पान फाडा. ते नाही म्हणाले. शेठ म्हणाले, "फाडो, नहीं तो खलास. इंडिया का टिकट कटवाता हूँ." सुभेदारांची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिच्यासाठीच तर ते इथं राहिले होते. मी हातापाया पडले. "फाडा हो! चूक तर माझी होती."

"सही माझी आहे, ताई. पोरीचं बघू. पेन्शन आहे, हातपाय आहेत."

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी गेटवर गेले. एक सुटकेस, एक वळकटी. ते सवयीनं पासबुक उघडायला लागले, तर मीच ओढून घेतलं आणि लिहिलं, 'सुभेदार, एक. सुटकेस एक, वळकटी एक.' खालच्या रकान्यात रिटर्नेबलवर खूण केली. मांजर परत आली होती की!

सुभेदारांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं. "ताई, पुन्हा खोटा कागद?"

त्यांनी माझी खूण खोडली, नॉन-रिटर्नेबलवर केली आणि दुरुस्तीच्या बाजूला सही केली. मग पिवळी प्रत फाडून माझ्या हातात दिली, सुटकेस डाव्या हातात घेतली, उजवा अंगठा खांद्याला लावला आणि गेटबाहेर गेले.